घारीपुढचा दूधभात

गच्चीवर थंडीने गारठून पडलेल्या घारीपुढे आईने दूधभात ठेवला. आमच्या घरात दयेला दुसरा पदार्थच माहीत नाही. घार ढुंकूनही बघेना, तिची मान कलायला लागली. "मटण घेऊन ये!" आई माझ्यावर ओरडली. जिने घरात कधी अंडं येऊ दिलं नाही, ती नाकावर पदर बांधून आपल्याच विळीवर मटण चिरायला बसली. पहिल्याच तुकड्यासरशी घारीने आईच्या बोटाचाही लचका तोडला. रक्त टपटप दूधभातात पडलं. जीव वाचवणं इतकं हिंस्र असतं, हे देवळात कुणी सांगत नाही. मी काठी उगारली, तशी आई कडाडली, "खबरदार! आत्ता कुठे जीव आलाय तिच्यात."