भरल्या मातीत उपाशी टोमॅटो

शिंपीकाकांनी आयुष्यभर कापड मापात कापलं, पण घरामागच्या टोमॅटोंपुढे त्यांची मती गुंग झाली. वाफे काकूंचे. मांडीचं हाड मोडल्यावर त्या लेकीकडे राहायला गेल्या, तेव्हा जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, "अहो, माझी झाडं तेवढी जगवा." आणि इथे पानांच्या कडा इस्त्रीखाली विसरलेल्या कापडासारख्या करपत चाललेल्या! रविवारी काकू परत यायच्या होत्या. त्यांना तोंड कसं दाखवायचं?

कुणीतरी म्हणालं पोटॅश कमी पडलंय. काकांनी पोटॅश घातलं, मग आणखी घातलं. ढिम्म फरक नाही. शेवटी पिशवीत माती भरून ते प्रयोगशाळेत गेले.

"काका, तुमच्या मातीत पोटॅश भरपूर आहे," माती तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

"मग झाडं उपाशी कशी?"

"चिकण माती ते मुठीत धरून ठेवते, हळूहळू सोडते. आणि ओढून घ्यायला मुळं धडधाकट हवीत. माती सतत गच्च ओली असेल तर मुळं गुदमरतात. पाणी किती घालता?"

"लागेल तेवढंच," काका ठणकावून म्हणाले.

"मग मीही कोड्यात पडले," बाई म्हणाल्या.

घरी येईपर्यंत काकांचं डोकं भणभणलं. आहे म्हणे, पण मिळत नाही म्हणे! हा कुठला न्याय? करपलंय म्हणजे तहानलंय, शेंबड्या पोराला कळेल, असं पुटपुटत त्यांनी पुन्हा वाफ्यात नळी सोडली.

रविवारी काकू काठी टेकत आल्या त्या थेट मागच्या दारी. काठी चिखलात रुतली. त्यांनी एक झाड काकांना उपटायला लावलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुबट वासाची.

"अहो, कुजवलीत की हो! पाणी घालायचं काही माप?"

काकांनी उपटलेलं झाड हलकेच खाली ठेवलं. "माप कसलं," ते म्हणाले. "तुझी आठवण आली की घालायचो."

काकूंना रागवावं की रडावं कळेना. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मग वाफ्यांवर नजर फिरवली. चर काढून पाणी काढलं, माती जरा सुकू दिली, तर निम्मी झाडं तरी तगणार होती.

"ती नळी इकडे द्या," त्या म्हणाल्या. "आता मी आलेय ना."