एकाच सीटचं विमान

दादाने भांडुपच्या गाळ्यात विमान बांधायला घेतलं, तेव्हा आईने पहिली फेरी स्वतःची धरूनच ठेवली होती. सीट एकच आहे हे कळल्यावर ती चांगली आठवडाभर फुगून बसली.

दादा विमानदुरुस्तीत नोकरीला. उडवायचं लायसन्सही हट्टाने काढलेलं. तो सांगायचा, परदेशात हौशी लोकांनी घरच्या शेडमध्ये नळ्या जोडून, पंखांवर कापड ताणून असली विमानं बांधली, ती फक्त कसरतीसाठी. दुसरा माणूस नको, सामान नको. वजन कमी, म्हणजे गिरकी चपळ. पंख वरून-खालून सारखेच फुगीर, म्हणून उलटं झालं तरी उडत राहतं. कापड म्हटल्यावर मी पंखाला बोट लावूनच बघितलं. चादर वाळत घालतात का हे लोक?

दादाला मात्र कापडाची नव्हे, सुट्या वस्तूंची भीती. विमान उलटं झालं की खाली पडलेलं सगळं डोक्याकडे येतं. परत सरळ होताना साधं पेन जरी विमान वळवायच्या दांड्याच्या सांध्यात अडकलं, तर दांडा हलत नाही, आणि मग खेळ खलास. म्हणून बसण्याआधी तो खिसे झटकून दाखवायचा.

शहराबाहेरच्या धावपट्टीवर तो पहिल्यांदा उलटा झाला, तेव्हा मी आईचा हात घट्ट धरला.

"भियातंस कित्याक गो?" आई म्हणाली. "सकाळी पूजा केलंय तेव्हाच सीटखाली देवीची सुपारी ठेवलंय."

रेडिओ घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे मी धावले, पण पोचायला उशीर झाला. वर विमान सरळ होऊ लागलं आणि मध्येच, नाक खाली करून, तसंच राहिलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते झटक्याने वर येत होतं.

दादा उतरला तो पांढराफटक. त्याने मूठ उघडली. "दांडा अडकला होता यार. जोर लावला तेव्हा ही मांडीत येऊन पडली. कुठून आली?"

"आईला विचार!" मी किंचाळले. "देवीच्या नावाने मारलं असतंस ना गं त्याला!"

आईने सुपारी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"एकच गावली?" तिने विचारलं. "पाच होत्यो रे."

दादा तसाच मागे फिरला आणि सीटखाली हात घालून उरलेल्या चार शोधू लागला.