सांभाळायला दिलेली लेक

क्रांतीताईंचा फोन आला तेव्हा बनाबाई डाळिंबाच्या बागेत खुरपत होती. पदराला हात पुसून तिनं फोन कानाला लावला.

"बनाबाई, प्रांजलची आई बरी झालीय. तिनं मुलगी परत मागितलीय."

बनाबाई तिथंच मातीत बसली. शेजारच्या सरीतल्या बाया विचारायला लागल्या, काय गं, काय झालं? प्रांजलला आई आहे हे तिला माहीत होतं. पण गेल्या चार वर्षांत तिनं ते कधी मनात आणलं नव्हतं.

बनाबाई आणि तिचा नवरा धुळा आटपाडीजवळच्या एका धनगरवस्तीवर राहतात. लग्न होऊन वीस-बावीस वर्षं झाली, मूल झालं नाही. वर्षाचे सात-आठ महिने दोघं मेंढरांमागं फिरायची. पाठीवर बिऱ्हाड लादलेलं घोडं, दोन कुत्री आणि रोज नवं शिवार. त्यातच एका पावसाळ्यात जिल्ह्याच्या बाल संरक्षण कार्यालयातल्या क्रांतीताई ग्रामपंचायतीत आल्या आणि त्यांनी बायांना समजावून सांगितलं. ज्या मुलांना घर उरलं नाही त्यांना संस्थेत ठेवण्यापेक्षा कुणाच्या तरी घरात वाढू द्यावं. सरकार त्या मुलासाठी दरमहा मदत देतं. बालकल्याण समिती लक्ष ठेवते. मूल आपलं होत नाही, सांभाळायला दिलेलं असतं.

"परक्याचं पोर," धुळा म्हणाला होता. "जीव लावायचा आन् उद्या घिऊन गेलं म्हंजी?"

"ते तवा बघू," बनाबाई म्हणाली.

प्रांजल आली तेव्हा चार वर्षांची होती. खटाव तालुक्यातली. बाप उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला आणि आईचं, पल्लवीचं, मन थाऱ्यावर राहिलं नाही. एका दुपारी वडूजच्या स्टँडवर लोकांना ही पोर एकटीच रडताना सापडली. आई सापडली लांब एका विहिरीच्या काठावर. तिला दवाखान्यात ठेवलं. पोरीला घ्यायला ना चुलता पुढं आला ना मामा. साताऱ्याच्या समितीनं सांगलीच्या समितीशी बोलून तिला बनाबाईच्या ओटीत घातलं.

त्यानंतर बनाबाई मेंढरांमागं गेली नाही. धुळा भावकीतल्या माणसांबरोबर जायचा, ही पोरीपाशी राहायची, बागेत रोजानं जायची. मदतीचे पैसे कधी वेळेवर यायचे, कधी महिनोन्महिने त्यांचा पत्ता नसायचा. पण त्यातून प्रांजलचं दूध झालं, शाळा झाली, फळ्यावरचं दिसत नाही म्हटल्यावर चष्मा झाला. मावशी म्हणायला शिकवा, असं क्रांतीताईंनी सांगितलं होतं. पोर आपोआप 'आये' म्हणायला लागली. वस्तीवर कुणी कुणी बोलायचं, "सरकार पैसं देतंय म्हून सांबाळत्यात." बनाबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

पहिली भेट सांगलीला समितीच्या कार्यालयात झाली. पल्लवी आधीच येऊन बसली होती. हडकुळी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, मांडीवर पिशवी. आता ती पाचगणीला एका निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. प्रांजलला पाहताच ती उठली आणि पिशवीतून एक फ्रॉक काढला. पिवळा, झालरीचा, चार वर्षांच्या मुलीला येईल एवढा. समोर आठ वर्षांची उंच पोर उभी होती. पल्लवीचे हात फ्रॉक धरून तसेच राहिले.

प्रांजल बनाबाईच्या पाठीमागं गेली. तिनं पदर मुठीत धरला आणि काही केल्या पुढं येईना.

"राहू दे," पल्लवी म्हणाली. "मला वळखंना ती. राहू दे."

परतीच्या गाडीत प्रांजल झोपल्यावर बनाबाईला आतून बरं वाटलं. पोर आपल्याला सोडत नाही, सगळ्यांनी बघितलंय. आणि लगेच पल्लवीचे ते हात आठवले, तशी ती खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्या भेटीला पल्लवी आलीच नाही. दुपार टळेपर्यंत वाट बघितली. फोन लागेना. क्रांतीताईंनी बनाबाईला बाजूला घेतलं.

"पुढच्या वेळीही आली नाही, तर समिती म्हणेल आईची तयारी नाही. मग प्रांजल तुमच्याकडंच राहील."

"मंजी कायमची?"

"बराच काळ तरी."

बनाबाईनं मान हलवली. घरी गेल्यावर तिनं हे धुळाला सांगितलं, तेव्हा तो कुत्र्यांना भाकरी टाकत होता. त्या आठवड्यात त्यानं प्रांजलसाठी एक कोकरू वेगळं काढून ठेवलं.

तिसऱ्या भेटीला तिघंही निघाली. भादव्यातलं ऊन होतं. सांगलीच्या स्टँडवर उतरल्यावर प्रांजलनं उसाचा रस मागितला. धुळा तिला घेऊन रसवंतीकडं गेला आणि बनाबाई तोंडावर पाणी मारायला नळाकडं वळली. नळाच्या पलीकडं, साताऱ्याच्या गाड्या लागतात तिथं, बाकावर पल्लवी बसली होती.

बनाबाई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. "हितं का बसलीयास? हापीस तिकडं हाय."

पल्लवीनं वर बघितलं. रडून रडून डोळे लाल झाले होते.

"मागल्या खेपंलाबी आले होते. हितवरच. मग परत गेले."

"का?"

"ती मला भेती. मी तिला स्टँडवर टाकून गेलेली बाई. तिला ते आठवत असंल." तिनं नाक पुसलं. "आन् समजा आली माझ्याकडं. माझी एक खोली. पगारात माझंच भागंना. पुन्ना डोस्कं फिरलं तर? तुमच्याकडं ती चांगली हाय, बाई. चष्मा किती छान दिसतोय तिला."

सातारा गाडी फलाटाला लागली. पल्लवी उठली, पिशवी सावरली आणि रांगेत उभी राहिली. बनाबाईनं तिला अडवलं नाही. ती वळली आणि रसवंतीकडं चालायला लागली.

प्रांजल ओठांवर रसाचा फेस घेऊन हसत होती. धुळानं बनाबाईपुढं पेला सरकवला. तिनं तो तसाच हातात धरला.

"आवं," ती हळू आवाजात म्हणाली, "ती आलीया. परत निगालीया. गाडीत बसली असंल."

धुळाचा हात थांबला. त्यानं प्रांजलकडं बघितलं, मग बनाबाईकडं.

"कुणी बघितलं?"

"मीच."

"आनी कुणी न्हाई?"

"न्हाई."

त्याचा चेहरा कसनुसा झाला होता. "मला इचारू नगं," तो म्हणाला. "मला इचारलंस तर मी न्हाईच म्हननार."

पलीकडं घंटी वाजली. गाडी मागं सरत असल्याचा आवाज आला. बनाबाईनं पेला ठेवला आणि ती धावत सुटली.

फलाटावरची माणसं बाजूला झाली. कुणाच्या तरी टोपलीला तिचा पाय लागला आणि पेरू घरंगळले. गाडी वळून फाटकाच्या तोंडाला आली होती. बनाबाई पुढं जाऊन आडवी उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पत्र्यावर थापा मारायला लागली.

"ए बाई! मरायचंय काय?" ड्रायव्हर ओरडला.

"थांबवा! आतल्या बाईची पोर हाय हितं!"

कंडक्टर दार उघडून शिव्या देतच खाली उतरला. बनाबाई त्याच्या बगलेखालून आत घुसली. पल्लवी शेवटच्या बाकावर खिडकीला डोकं टेकून बसली होती. बनाबाईनं तिचा दंड धरला.

"उठ. भ्यायचं आसलं तर पोरीसमोर बसून भी. पळू नगं."

कार्यालयात त्या दिवशी पल्लवीनं सगळं सांगितलं, मागच्या खेपेचंसुद्धा. समितीच्या अध्यक्षबाईंनी मध्ये एकदाही तिला तोडलं नाही. मग त्यांनी विचारलं, "मुलगी तुमच्याकडं आली की मदत बंद होईल, असं वाटतं का तुम्हाला?"

"व्हय. ती तर ह्यांना मिळतीया."

"ती बनाबाईंची नाही, प्रांजलची आहे. एकट्या आईकडं राहणाऱ्या मुलांनाही बालसंगोपनाची मदत मिळते. तुमच्याकडं आली तर तुमच्याकडून अर्ज करून घेऊ. मंजुरीला वेळ लागेल, पण मिळेल. तुमचे उपचार सरकारी दवाखान्यात चालूच राहतील. आमचं माणूस घरी येत जाईल."

पल्लवीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

समितीनं घाई केली नाही. हिवाळाभर पल्लवी सुट्टी मिळेल तशी आटपाडीला यायची आणि बनाबाईच्या घरातच राहायची. पहिल्यांदा प्रांजल तिच्या हातचं जेवली नाही. नंतर जेवली, पण बोलली नाही. एकदा पल्लवी कोकराला उलट्या बाजूनं धरत होती, तेव्हा ती वैतागून म्हणाली, "आसं न्हाई. आसं धरायचं." बनाबाई चुलीपुढून ऐकत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.

वार्षिक परीक्षा झाल्यावर आदेश आला. निघायच्या दिवशी प्रांजल बाजेखाली शिरली आणि बाहेर येईना. धुळानं ओढून काढलं तर बनाबाईच्या अंगावर धावून गेली.

"सरकारचं पैसं संपलं म्हून मला पाठवतीस! समदी म्हनत्यात! तू पैशासाठीच ठेवलं हुतंस!"

दारात बाया जमल्या होत्या. बनाबाईनं पोरीचा विस्कटलेला भांग नीट करायला हात पुढं केला, तो प्रांजलनं झटकला. क्रांतीताईंनी तिला उचलून जीपमध्ये बसवलं. पल्लवी बनाबाईच्या पाया पडली आणि जीपमध्ये चढली.

त्यानंतर प्रांजल फोनवर यायची नाही. पल्लवी सांगायची, शाळेत जाते, जेवते, माझ्याजवळ झोपते, पण तुमचं नाव काढलं की उठून जाते. बनाबाई म्हणायची, राहू दे. बागेत काम करताना ती बायांपासून लांबची सरी धरायची.

पाचगणीचा पाऊस भरात असताना एका सकाळी फोन वाजला. नंबर पल्लवीचा, आवाज प्रांजलचा.

"आये."

बनाबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "काय गं बाळा?"

"आई उठत न्हाई. डोळं उघडं हायत, पर बोलत न्हाई. कालपास्नं जेवली न्हाई. आये, ती पुन्ना मला टाकून जाईल का?"

"न्हाई. आईक माझं. शेजारच्या खोलीत कोन हाय?"

"धोंडुबाई. आईसंगं भाकऱ्या करती."

"तिला हाक मार. फोन तिच्याकडं दे. आन् आईचा हात धरून बस. मी निगाले."

धोंडुबाईशी बोलून तिनं लगेच क्रांतीताईंना फोन लावला, आणि क्रांतीताईंनी साताऱ्याच्या त्यांच्या माणसांना. धुळा काही न विचारता घोंगडी घेऊन स्टँडवर आला. आटपाडीहून साताऱ्याला पोचेपर्यंत बनाबाईनं पाण्याचा घोटही घेतला नाही. पल्लवीला एव्हाना साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं. प्रांजल वऱ्हांड्यात बाकावर ओल्या दप्तरासकट बसली होती. बनाबाईला बघून ती उठली आणि तिच्या पोटात डोकं खुपसून उभी राहिली. निघायच्या दिवशी काय बोलणं झालं ते कुणीच काढलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, बाईनं गोळ्या सोडल्या होत्या. गोळ्यांनी झोप यायची आणि पहाटेच्या पाळीला जाग यायची नाही. काम जाईल या भीतीनं तिनं कुणाला न सांगता त्या बंद केल्या.

साताऱ्याच्या समितीपुढं प्रश्न आला. आई बरी होईपर्यंत मुलीला बालगृहात ठेवायचं का? एक सदस्य म्हणाले, पुन्हा धोका नको. बनाबाई खुर्चीवरून उठली.

"तिला कुठं नेऊ नका. मी हितं ऱ्हाते. आई दवाखान्यात हाय तवर पोरीपाशी, आन् आई घरी आली की दोघींपाशी."

"किती दिवस?"

"ते मला ठावं न्हाई. लागतील तेवढं."

धुळानं मागून खाकरून दुजोरा दिला. सदस्य एकमेकांशी बोलले. प्रांजलला एकटीला आत बोलावून तिला काय हवंय ते विचारलं. ती काय बोलली हे तिनं कुणालाच सांगितलं नाही, पण समितीनं तिला बालगृहात पाठवलं नाही.

गणपती येईपर्यंत बनाबाई पाचगणीला राहिली. त्या धुक्यात आणि ओलीत तिचे गुडघे दुखायचे, कपडे वाळायचे नाहीत, रस्त्यावरून पर्यटकांच्या गाड्या हॉर्न वाजवत जायच्या. शाळेशी क्रांतीताई बोलल्या आणि पल्लवीची पाळी दुपारची करून मिळाली. दवाखान्यातून परत आल्यावर पल्लवी पहिले काही दिवस भिंतीकडं तोंड करून झोपायची. एका संध्याकाळी तिनं विचारलं, "न्हेनार काय तिला?"

"आधी गोळी घे," बनाबाई म्हणाली. "मग भाकरी खा. बाकीचं मग बोलू."

प्रांजलनं पाण्याचा तांब्या आणून आईपुढं ठेवला आणि गोळी गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

बनाबाई आता आटपाडीला परत आलीय. जत भागातल्या दोन बहिणी आहेत, त्यांना सांभाळाल का, असं क्रांतीताईंनी विचारलंय. धुळा म्हणतो नको, पुन्हा तोच जीव जाळायचा. बनाबाईनं अजून हो-नाही काही सांगितलेलं नाही. दर आठवड्याला पाचगणीहून फोन येतो. गोळ्या संपत आल्या, झोप लागत नाही, आज कामावर जावंसं वाटत नाही, असलं काही असलं की पल्लवी आता स्वतःच सांगते.