रूथबाईंचं तारण

अंगात ताप असो, पाठीत उसण असो की घरात भांडण असो, रूथबाईंचा इलाज ठरलेला. आधी नाडी बघायच्या, मग पिशवीतून एक जाडजूड कादंबरी काढून उशाशी ठेवायच्या. "हे वाच. गोळी पोटापर्यंत जाते, हे त्याच्याही खाली जाते."

मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या सिस्टरबाई आर्णीत आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. एकट्याच. कादंबरीचं कव्हर केव्हाच गेलं होतं, वर खाकी कागद होता. मी एकदा नाव विचारलं, तर म्हणाल्या, "मलमाचं नाव विचारते का कोणी? दुखते तिथं लाव, बस."

मी ती वाचली पाठदुखीपायी. आमच्या घरात गोष्टी सांगायचा मान माझा आणि जांभया द्यायचं काम बायकोचं, सुनंदाचं. दुसऱ्याची गोष्ट ऐकून घ्यायची मला सवयच नव्हती. कादंबरी एका सुताराच्या घराची. धाकटी लेक तापानं जाते, नवराबायकोचं बोलणं तुटतं, थोरला पोरगा घर सोडतो. दर चार पानांनी कुणीतरी गुडघे टेकून प्रार्थना करतं. तिथं मी इमानेइतबारे पान उलटायचो. पण शेवटी बाप पोराच्या कारखान्यात जातो, माफी नाही, उपदेश नाही, नुसता त्याच्याशेजारी उभा राहून रंधा मारायला लागतो. तिथं माझे डोळे भरून आले. सुनंदानं विचारलं, "पाठ लईच दुखून राह्यली का वो?" मी "हो" म्हणालो.

ती वर्षं कापसाची, कर्जाची फार वाईट होती. गावात शिरताना कुणाच्या दारात मांडव दिसला, तर तो लग्नाचा की दुसऱ्या कशाचा, हे आधी विचारून घ्यावं लागे. दुसरा असला की रूथबाई तिथल्या बाईमाणसाजवळ तासन्‌तास बसायच्या. तिथं मात्र पिशवीला हात लावायच्या नाहीत. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "ओल्या जखमेवर कोणी पट्टी वढते का? आधी नुसतं बसा लागते, सुधाकर."

एक दिवस तूर निवडता निवडता सुनंदा बोलून गेली, "सिस्टरबाई, साऱ्या आर्णीले वाचाले देता. तुमच्या भावाले देल्लं का?"

शमुवेल हा त्यांचा एकुलता भाऊ, राजूरला कोळशाच्या खाणीत होता. आई गेली तेव्हा रूथबाई वॉर्डात ड्युटीवर होत्या. पोचल्या तेव्हा माती झालेली. दारातच तो म्हणाला होता, "लोकाईच्या माया वाचवत राह्य तू, आपली माय गेली." तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. रूथबाईंनी सुपातले दोन खडे वेचले आणि म्हणाल्या, "त्याले देल्लं अन् त्यानं फेकलं, तर मंग माह्यापाशी काय राहीन?"

तरी गेल्या. सोबतीला मी, म्हणजे पिशवी धरायला. एसटीत यवतमाळ मागे पडलं, वणी आली, तरी त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होत्या. राजूरला कोळशाच्या धुळीनं काळवंडलेल्या एका दाराशी उभ्या राहिल्या आणि घोकलेलं सगळं विसरल्या.

शमुवेलनं दार अर्धंच उघडलं. "कायले आली?"

"तारणाचं... तारणाचं घेऊन आली, शमू."

"तारण?" तो कडाडला. "मायचं घर तारण ठेवतं? सही देत नाही मी!"

जन्मभर चर्चमध्ये तारणाची गाणी म्हटलेला माणूस! पण त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात तारण म्हटलं की येशूच्या आधी बँकच आठवायची. मी शहाणपणा करत पुढं झालो. "भाऊ, हे बँकेचं नाही, प्रभूचं तारण हाये."

"मंग प्रभूची सही आन!"

रूथबाईंना फस्सकन हसू फुटलं. त्यालाही आपण काय बोललो ते उमगलं असावं. मिशी जराशी हलली. पण तो हसला नाही. आत या म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही. त्यांच्या हातातली, खाकी कागदावर आमच्या घरचा फोन नंबर लिहिलेली कादंबरी घेतली आणि दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेत त्या एकदाच बोलल्या. "फेकलं नाही, नाही का रे?"

त्यानंतर रूथबाई घरोघरी जाईनात. कुणी बोलावलं तर नाडी बघत आणि रिकामा हात पिशवीत घालून तसाच बाहेर काढत. दुसरी प्रत मागवू म्हटलं, तर नको म्हणाल्या. संध्याकाळी खोलीच्या उंबऱ्यावर बसत. आमच्या घरात फोन वाजला की मान वर करत. फोन माझ्या साडूचा असे.

आणि एका रविवारी तो शमुवेलचा निघाला. रूथबाई पदरानं हात पुसत आल्या. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आईचं नाव निघालं नाही, कादंबरीचंही नाही. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि रूथबाई एकदम मोठ्यानं म्हणाल्या,

"हो हो, जेवलो ना! आमचं झालं बाप्पा केव्हाचंच. तुमचं?"

फोन ठेवून त्या आमच्याकडे न बघताच मागे गेल्या.

"आमचं म्हणजे कोणाचं वो?" सुनंदानं हळूच विचारलं.

मी, गोष्टी सांगणारा, मागच्या दाराकडे कान देऊन ऐकत राहिलो. मागच्या खोलीतून तांदूळ धुतल्याचा आणि स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येऊ लागला.