किडनॅपरने ‘येतों’ म्हणावं का?

घरात पिशवीत पिशव्या साठतात ना, तसे किस्से साठतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण एक ओढायला गेलं की दहा बाहेर येतात. आमचा सिनेमा बत्तीस मिनिटांचा झाला. त्याचे किस्से मात्र मी गेलं वर्षभर सांगतोय आणि बायको म्हणते, सिनेमा परवडला.

आधी थोडी माहिती. मी साठे. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे पार्ट तपासतो. चेन्नईत येऊन चौदा वर्षं झाली, तमिळ अजून भाजी घेण्यापुरतंच येतं. आमच्या मराठी मंडळात पराग नावाचा एक बँक ऑफिसर आहे. त्याला आयुष्यात दोनच दुःखं. एक, बदली चेन्नईला झाली आणि दोन, बँकेत त्याला कोणी डायरेक्टर म्हणत नाही. दुसऱ्या दुःखावर त्याने उपाय काढला. गणपतीच्या कार्यक्रमात यंदा नाट्यगीतं नकोत, आपण सस्पेन्स थ्रिलर करू!

गोष्ट सोपी होती. एका माणसाची मुलगी पळवतात. किडनॅपर शेवटपर्यंत दिसत नाही, फक्त त्याचे चार फोन येतात. त्याला हवा असतो एक पेन ड्राइव्ह. पैसे का नाहीत, असं कोणीतरी विचारलं तेव्हा पराग म्हणाला, “खोट्या नोटा छापायलासुद्धा बजेट लागतं.”

बापाचं काम मला मिळालं. काम काय, फोन कानाला लावायचा आणि घाबरायचं. घरचा सराव दांडगा असल्यामुळे ते मला जमलं.

*

आता प्रश्न किडनॅपरच्या आवाजाचा. परागने मंडळातल्या सगळ्यांचे आवाज फोनवरून ऐकले. एकाचा आवाज ऐकून म्हणाला, “हा मुलगी पळवणारा नाही, पॉलिसी विकणारा वाटतो.” तो माणूस खरोखरच पॉलिसी विकायचा. तो अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

शेवटी अड्यारला मंडळाची मीटिंग चालू असताना अध्यक्षांचा फोन वाजला. हातात लाडू होता म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

“अध्यक्ष अहेत का?” आवाज खोल, संथ, प्रत्येक शब्द सुटा. “फोन करतों म्हणालांत. केला नाहींत. मी घरींच अहे. वाट पाहतों अहे.”

अध्यक्षांच्या हातातला लाडू तसाच राहिला.

“कोण... कोण बोलतंय?”

“सेतुराम राव. कॅलेंडर आलं का मंडळाचं?”

परागने तिथल्या तिथे टेबलावर हात आपटला. किडनॅपर मिळाला होता.

*

सेतुराव चौऱ्याहत्तर वर्षांचे. एन्नोरकडच्या एका ऑफिसात हेडक्लार्क होते, आता अड्यारला मुलाकडे राहतात. माणूस तंजावरी मराठी. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला आले आणि येताना जी मराठी आणली तीच यांनी जपून वापरली.

पहिल्याच वाचनाला परागने टोकलं. “काका, ‘अहे’ नाही, ‘आहे’.”

सेतुरावांनी चष्मा काढला. “आम्ही निघालों तेव्हां तिकडे ‘अहे’च होतं. मागून तुम्ही बदललंत.”

“हो, पण आता सगळे—”

“बदललंत तर बदललंत. एक फोन करायचा होता.”

त्या दिवशी ‘अहे’ राहिलं.

*

दुसऱ्या वाचनाला ‘तू’वरून अडलं. स्क्रिप्टमध्ये होतं, “ऐक, तुझी मुलगी माझ्या ताब्यात आहे.”

“ओळख ना देख, आणि एकदम ‘तू’?” सेतुराव म्हणाले. “साठे सर मुलीचे बाप अहेत. त्यांना ‘तुम्ही’च म्हणायला हवं.”

“काका, तुम्ही तिला पळवलंय!”

“पळवलं ते निराळं. बोलायची रीत निराळी.”

शेवटी वाक्य ठरलं ते असं: “ऐका. तुमची मुलगी आमच्याकडे अहे. जेवली अहे. पोलिसांना सांगूं नका.” ते ‘जेवली अहे’ स्क्रिप्टमध्ये नव्हतं. परागने तीनदा खोडलं आणि सेतुरावांनी चारदा म्हटलं.

पण खरी लढाई झाली ती फोन ठेवण्यावरून. किडनॅपर फोन खाडकन कट करतो, असं परागचं म्हणणं. सेतुराव प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचे, “बरं, येतों.” आणि मग थांबायचे. माझ्याकडे बघत थांबायचे.

“काका, कुठला किडनॅपर ‘येतो’ म्हणतो?”

“जातों म्हणूं नये. तोडूं तर मुळींच नये. आपण येतों म्हणायचं, समोरच्यानं ‘या’ म्हणायचं, मग ठेवायचं.”

“साठे ‘या’ कशाला म्हणतील? त्यांची मुलगी पळवलीय तुम्ही.”

सेतुरावांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “सेरी, ठीक अहे. ते रागावले असतील, त्यांनी म्हणूं नये. मी तरी म्हणतों.”

*

मुलीचं काम सेतुरावांची नात अंजना करणार होती. ती एका आयटी कंपनीत आहे, साउंडची तिला आवड, म्हणून रेकॉर्डिंगही तिच्याकडेच होतं. म्हणजे आमच्या सिनेमात जिला पळवलं तीच पळवणाऱ्याचा आवाज टेप करत होती. आजोबा तिच्याशी त्यांच्या मराठीत बोलायचे, ती उत्तर द्यायची तमिळमध्ये नाहीतर इंग्लिशमध्ये. मराठी तिला सगळं कळायचं, पण तोंडातून एक शब्द येत नसे. लाज वाटते, म्हणायची.

पहिल्या दिवशी ती लांबून आजोबांना “ताता!” म्हणून हाक मारत आली. तमिळमध्ये ताता म्हणजे आजोबा. परागला वाटलं पोरगी आल्या आल्या टाटा करते आहे, म्हणून त्यानेही हात हलवला आणि म्हणाला, “अगं, आत्ताच तर आलीस.”

सिनेमात तिला एकच मराठी वाक्य होतं. खुर्चीला बांधलेलं असताना म्हणायचं होतं, “बाबा, मला सोडवा.” रडण्याचा अभिनय तिने अगदी खरा केला. मग ती म्हणाली, “बाबा, मला सोडा!”

शॉट चालू असतानाच आमच्या मंडळाच्या वहिनी पन्नीर सोड्याची, म्हणजे गुलाबाच्या सोड्याची, बाटली घेऊन फ्रेममध्ये शिरल्या. “किती वेळ बांधून ठेवलंय हो लेकराला,” म्हणाल्या.

पराग डोक्याला हात लावून बसला. अंजनाने बांधलेल्या हातांनीच सोडा प्यायला आणि ते वाक्य सिनेमातून काढून टाकलं. त्या दिवसानंतर ती मराठीच्या वाटेला गेली नाही.

*

पेन ड्राइव्ह देण्याचा सीन एन्नोरच्या किनाऱ्यावर होता. बस बदलत बदलत आम्ही निघालो. मला पुढे सीट मिळाली, सेतुरावांना मागे. तर त्यांनी वेळ फुकट जाऊ नये म्हणून मला मोबाइलवर फोन लावला आणि तालीम सुरू केली. सेतुराव मोबाइलवर जुन्या ट्रंक कॉलच्या आवाजात बोलतात.

“मुलगी आमच्याकडे अहे!” अख्ख्या बसमध्ये घुमलं. “उद्यां चारला या. एकटेच या, फार माणसं आणूं नका. मागितलेली वस्तू विसरूं नका. मग मुलगी दाखवतों!”

बसमध्ये कोणाला काही पत्ता नव्हता. कंडक्टर तिकिटं फाडत होता. मी मनात म्हटलं, परमुलखात गुन्हा करायचा तर मातृभाषेत करावा.

तेवढ्यात सेतुरावांच्या शेजारच्या बाईंनी पर्स बंद केली आणि अस्सल सातारी मराठीत विचारलं, “मुलगी किती शिकलीय हो?”

सेतुराव खरं बोलणारा माणूस. “इंजिनिअर अहे.”

“माझ्या बहिणीचा मुलगा आहे बघा, निर्व्यसनी. इथेच नोकरीला. पण ते ‘मागितलेली वस्तू’ म्हणालात, ते काय? मुलाकडच्यांकडून तुम्ही मागता?”

“पेन ड्राइव्ह,” सेतुराव म्हणाले.

बाईंनी मनात हिशेब केला. मग म्हणाल्या, “तेवढा देऊ की.”

उतरेपर्यंत त्यांनी मुलाचा फोटो, पगार सोडून सगळी माहिती आणि पत्रिका, तिन्ही गोष्टी सेतुरावांच्या मोबाइलवर पाठवल्या होत्या.

*

एन्नोरला मासे विकणाऱ्या बायका शूटिंग बघायला जमल्या. एकीने तमिळमध्ये विचारलं, हीरो कोण? परागने माझ्याकडे बोट दाखवलं. तिने मला वरून खाली बघितलं, छत्री धरून उभ्या असलेल्या सेतुरावांना बघितलं आणि परागला म्हणाली, अजून वेळ आहे, पुन्हा विचार कर.

ऊन उतरायची वाट बघत आम्ही दोघं होडीच्या सावलीत बसलो. मी सहज विचारलं, “सेतुराव, एवढ्या एका ‘येतों’साठी का भांडता?”

ते म्हणाले, “माझी बहीण होती तंजावरला. कावेरीअक्का. दर रविवारीं दहाला फोन. चाळीस वर्षं. काय बोलायचों? जेवण झालं का, पाऊस अहे का. शेवटीं मी म्हणायचों येतों, ती म्हणायची या. गेल्या वर्षीं ती गेली. घरांत सगळे चांगले अहेत हो. मुलगा तमिळ बोलतो, सून बोलते, अंजना इंग्लिश बोलते. पण मी ‘येतों’ म्हटलं तर ‘या’ म्हणणारं आतां कोणी नाहीं. तुमच्या सिनेमांत फोन अहे म्हणून कळलं, आणि मी हो म्हटलं.”

इतके दिवस त्या ‘येतों’वर हसणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो, याची लाज वाटली.

*

आणि पंधरा दिवसांनी परागने जाहीर केलं की किडनॅपरचा आवाज तो स्वतः डब करणार. “लोक हसतील रे. थ्रिलरची कॉमेडी होईल. शुद्ध मराठी पाहिजे.”

हे सेतुरावांना सांगायचं कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर बाप झालो म्हणजे सगळीकडेच झालो, अशी यांची समजूत.

मी गेलो, सांगितलं. सेतुरावांनी कॉफी पुढे केली. “तुमचा सिनेमा, तुमचं मराठी. बरोबर अहे.” मग थोड्या वेळाने विचारलं, “‘येतों’ पण काढणार?”

“हो.”

“‘जेवली अहे’?”

“तेही.”

“मग त्या मुलीला जेवायला घातलं की नाहीं हें बापाला कसं कळणार?” एवढंच म्हणाले. अंजना दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मी परागशी भांडायला हवं होतं. भांडलो नाही. घरी आलो आणि जेवलो.

*

गणपतीत अड्यारच्या हॉलमध्ये सिनेमा लागला. हॉल भरलेला. सेतुराव पुढच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पराग. अंजना सगळ्यांच्या मागे, साउंडच्या टेबलाशी.

पडद्यावर माझा फोन वाजला. मी घाबरलो. आणि हॉलभर आवाज घुमला, “ऐका. तुमची मुलगी आमच्याकडे अहे. जेवली अहे.”

पराग ताडकन उठला आणि मागे वळून खुणा करायला लागला. मागून माइकवर अंजनाचा शांत आवाज आला, “राँग फाइल, सॉरी.” सॉरी तिच्या आवाजात कुठेच नव्हतं आणि फाइलही बदलली नाही.

“बरं, येतों.” अख्खा हॉल हसला. पराग खाली बसला आणि त्याने तोंडावर रुमाल घेतला. सेतुराव समोर बघत होते, पण मांडीवरचे हात त्यांनी घट्ट धरले होते.

दुसरा फोन आला. “बरं, येतों.” यावेळी अर्धाच हॉल हसला.

तिसऱ्या फोनला, मी पोलिसांना कळवलंय हे त्याला समजलेलं असतं. “तुम्ही सांगितलंत. मी नको म्हणालों होतों.” थोडं थांबून तोच आवाज, तसाच संथ. “बरं, येतों.” कोणी हसलं नाही. माझ्या मागची बाई नवऱ्याला म्हणाली, “अहो, हा खरंच येणार.” परागने रुमाल खाली घेतला.

मग शेवटचा फोन. पेन ड्राइव्ह दिलेला, मुलगी घरी आलेली. स्क्रिप्टमध्ये इथे ‘मुलगी पोचली का?’ विचारून मग धमकी होती. सेतुरावांनी रेकॉर्डिंगला काय म्हटलं होतं ते नंतर आम्ही कोणी धड ऐकलंच नव्हतं, काढून टाकायचंच होतं ना.

“मुलगी पोचली का?”

“पोचली,” पडद्यावरचा मी म्हणालो.

“जेवली का?”

यावर मी गप्प. पुढचं वाक्य काय, हे मला आठवत नव्हतं, म्हणून खरंच गप्प होतो. पराग त्याला आता माझा सर्वोत्तम अभिनय म्हणतो.

“बरं,” सेतुरावांचा आवाज आला. “येतों.”

पडदा काळा झाला. पण फोन कट झाल्याचा आवाज नाही. लाइन चालूच. पलीकडचा वाट बघत होता. हॉलमध्ये दिवे लागले नाहीत.

मागून, साउंडच्या टेबलावरच्या माइकमधून, कोणीतरी घसा साफ केला.

“बरं. या, ताता.”

मग फोन ठेवल्याचा आवाज आला आणि दिवे लागले. टाळ्या सुरू झाल्या. सेतुरावांनी मागे वळून पाहिलं नाही. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले,

“उच्चार बरोबर अहे.”