पुढचा रविवार

टिपणीस डॉक्टर कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्च्या बघत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा तर गुडघे टेकून त्यांनी दोन्ही खुर्च्यांची उंची डोळ्यांनी जोखली.

"ढेकूण नाहीत हो आमच्याकडे," माझी बायको म्हणाली.

डॉक्टर हसले. "वहिनी, एकदा एका उशीपायी माझी बोलणी मोडली होती. एका सेनापतीच्या खुर्चीवर उशी होती, दुसऱ्याच्या नव्हती."

त्यांची हयात एका आंतरराष्ट्रीय संस्थेत गेली. लढाई चालू असेल तिथे जायचं आणि मुलांच्या पोलिओ डोसासाठी दोन्ही बाजूंकडून एक दिवस मागून घ्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन ते कामोठ्याला आमच्या सोसायटीत राहायला आले. मी तिथला सेक्रेटरी.

टीव्हीवर युद्धाच्या बातम्या लागल्या की मी त्यांना डिवचायचो. "डॉक्टर, तुमच्या त्या जगाच्या पंचायतीनं कुठलं युद्ध थांबवलं?"

"युद्ध नाही थांबलं. एक मंगळवार थांबला," ते म्हणत. "त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या पोरांना तो पुरला."

"आणि एका बड्या देशानं नाही म्हटलं की सगळं ठप्प! ते बदलत का नाही?"

"बदलावं म्हणून मीही पुष्कळ लिहिलं. पण ज्याच्या हातात कुलूप, त्याचीच सही लागते कुलूप काढायला." मग ते म्हणाले, "तो मंगळवार देणाराच सेनापती पुढल्या वर्षी दिवस द्यायला नाही म्हणाला. त्यानंतर पांगळी झालेली पोरं मी पाहिली, सावंत. अहवालात मी लिहिलं, 'मोहीम स्थगित'."

कुलूप हा शब्द मला बोचला. सोसायटीच्या मागच्या गेटला मीच कुलूप लावलं होतं. त्या गेटातून शेजारच्या जुन्या गावातली माणसं हमरस्त्याला जात. दोन मोटरसायकली चोरीला गेल्या आणि कमिटीनं गावावर संशय घेतला. पुरावा काही नव्हता. बदल्यात गावानं त्यांच्या रस्त्यावरून येणारे आमचे पाण्याचे टँकर अडवले. प्रकरण कोर्टात गेलं. काशिनाथभाऊ गावचे पुढारी. ते गेटाबाहेरून ओरडले होते, "आमचे शेतान तुमची बिल्डिंग, न आमालाच कुलूप?"

गावकऱ्यांना आता मोठा वळसा पडे, न्हावा शेवा बंदराच्या कंटेनर गाड्यांच्या कडेकडेनं. एका सकाळी काशिनाथभाऊंची सून कडेवर लेकरू घेऊन तिथून चाललेली मला दिसली. ट्रेलर अगदी तिच्या पदराला लागून गेला. मी गाडीची काच वर केली. हे मी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नाही.

पोलिओ रविवार जवळ आला. बूथ आमच्या हॉलमध्ये होता आणि गावातली पोरं गेटापलीकडे. डॉक्टरांनी सारख्या उंचीच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या गेटापाशी मांडल्या, मला आणि काशिनाथभाऊंना बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"गेट कुणाचं, चोर कोण, हे आज नाही. ते कोर्ट बघेल. रविवारी कुलूप कुठे असेल, एवढंच बोलू."

"न टँकर?" मी काही म्हणायच्या आत काशिनाथभाऊंनीच विचारलं. "टँकर सोरला तं गाव मना काय बोलंल?"

"तोही रविवारपुरता सोडा. गावाला सांगा, म्हातारा फार मागे लागला."

"म्हातारा चिवट हाय," काशिनाथभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले. आमच्यात कित्येक महिन्यांनी झालेलं ते पहिलं बोलणं.

रविवारी गेट उघडलं. पोरं आली, तोंडं वेडीवाकडी करत डोस घेऊन, करंगळीवरची शाई मिरवत परत गेली. बाहेर टँकर उभा होता. गोळीबार थांबवणारा माणूस कसा दिसत असेल, याचा मी उगाच काहीतरी भव्य विचार करत आलो होतो. माझ्यासमोर एक वाकलेला म्हातारा गेटाला टेकून चणे खात होता.

मी म्हणालो, "आता कायमचंच मिटवून टाका ना, डॉक्टर."

"कायमचं मागू नये. कायमचं कुणी देत नाही. पुढचा रविवार मागावा."

आणि खरंच, दर आठवड्याला ते आधी माझ्याकडे येत, मग काशिनाथभाऊंकडे जात, आणि पुढचा रविवार मागत. आम्ही कुरकुरत देत गेलो. कोर्टातली केस तशीच चालू राहिली.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर झोपेतच गेले. त्याच आठवड्यात वॉचमननं विचारलं, "साहेब, या रविवारी कुलूप काढायचं का?"

"संध्याकाळी सांगतो," मी म्हणालो. मागणारा माणूसच उरला नव्हता.

संध्याकाळी घरातल्या दोन खुर्च्या घेऊन मी मागच्या गेटाचं कुलूप काढून गावात शिरलो. काशिनाथभाऊंच्या अंगणात त्या मांडल्या. ते बाहेर आले. माझ्याकडे न बघता खाली वाकले आणि दोन्ही खुर्च्या निरखू लागले.

"ही तुजी वाईच उंच हाय."

ती खरंच उंच होती. मी ती त्यांच्याकडे सरकवली.

"नको. ऱ्हाऊ दे खुर्च्या." ते ओटीवर टेकले आणि शेजारची जागा हातानं झाडली. "बस हितं."

मी बसलो. त्यांची सून पाणी देऊन गेली. तिच्याकडे मला वर बघवेना.

"बोल, काय मागाला आलास?"

"पुढचा रविवार," मी म्हणालो.