न गेलेल्या माणसाचा अर्ज

छप्पन साली आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा आमच्याकडच्या मराठी मंडळींनी 'आम्हाला कुणी विचारलं का?' म्हणून फार आरडाओरड केली. सभेला मीही जाऊन बसायचो, पण तोंड उघडत नव्हतो. याहून मोठ्या सरहद्दीपलीकडे मी एका माणसाला घालवून बसलो होतो, आणि तेही सुंदर अक्षरात.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्या काळात मी हुलसूरजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. रझाकारांच्या धास्तीनं आमचं घर काही महिने निजामाची हद्द ओलांडून सोलापूरकडं राहिलं होतं. जाताना परवाना घेतला नाही, येतानाही कुणी मागितला नाही. परत आलो तर गावात उलटी पळापळ होऊन गेलेली. या खेपेला मुसलमानांच्या घरांना कुलपं होती. ती कशामुळं लागली हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणीच त्याबद्दल बोलत नव्हतं.

शाळा तपासायला साहेब येणार म्हणून मी हजेरीपट नीट करायला बसलो. पटाचा शेवटचा रकाना कैफियतीचा. मूल शाळेतून का गेलं ते तिथं लिहायचं आणि लाल शाईनं नाव कमी करायचं, अशी रीत. हिंदूंची जी मुलं अजून परतली नव्हती त्यांच्यापुढं मी 'परगावी' असं लिहिलं. मुसलमानांच्या मुलांपुढं वरपासून खालपर्यंत एकच मजकूर ओढला, 'पाकिस्तानला गेले'. कुणाला विचारलं नाही. गावात लोक तसं म्हणत होते, आणि साहेब जेवणाच्या वेळेआधी पोचणार होते.

त्या मुलांत पिंजारीचाचाची मुलगी होती. चाचा आमच्या घरामागंच राहायचा. गावातली एकही गादी अशी नसेल जिचा कापूस त्यानं पिंजला नाही. माझ्या लग्नातली गादीही त्याचीच. तो बायको-मुलीला घेऊन गेला होता तो हैदराबादेत, मेहुण्याकडं. वर्षभरानं परत आला, कुलूप काढलं, घर झाडलं आणि कामाला लागला. मुलीचं नाव मी पटावर नव्यानं घातलं. जुन्या पटातली कैफियत खोडावी हे माझ्या मनातही आलं नाही.

चार-पाच वर्षं बरी गेली. मग परवान्याशिवाय पाकिस्तानातून परत आलेल्यांची यादी करा, असा हुकूम आला. पोलीस जमादार शाळेत आला आणि जुने पट मागून घेतले. चाचाकडं जन्माचा दाखला नव्हता, तसा तो गावात कुणाकडंच नव्हता. हैदराबादेत राहिल्याचा कागद नव्हता, कारण मेहुणा काही पाहुण्याला पावती देत नाही. आणि तो मेहुणा मधल्या काळात स्वतःच कराचीला निघून गेला होता, म्हणजे साक्षीदार गेला आणि वर संशय वाढला. उभ्या जन्मात चाचाबद्दल सरकारी कागदावर एकच ओळ लिहिली गेली होती, आणि ती माझ्या हातची होती.

तो शाळेत आला. बाहेरच उभा राहून म्हणाला, "मास्तर, म्या गेलोच न्हाई की. चुकून लिवलं म्हनून सांगा एक डाव."

सांगायला हवं होतं. पण सरकारी पटात खोटी नोंद केली असं कबूल करणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, आणि माझी नोकरी त्याच वर्षी कायम व्हायची होती. मी शेपूट घातलं. 'तेव्हाच्या माहितीवरून नोंद केली' एवढं जमादाराला सांगितलं. गावानं साक्ष द्यावी, तर मग हे लोक पळाले कशामुळं, असा पुढचा प्रश्न आला असता. तो कुणालाच नको होता.

त्याच दिवसांत दिल्लीत नागरिकत्वाचा नवा कायदा व्हायचा होता, आणि लोकसभेत अशा बिनपरवाना लोकांवर वाद चालू झाला. उमरग्याच्या बसनं सोलापूरचा पेपर एक दिवस शिळा होऊन यायचा, तो मी शाळेच्या ओट्यावर बसून चाचाला वाचून दाखवायचो. एक सभासद म्हणाला, हे लोक भिऊन गेले आणि घराच्या ओढीनं परत आले, त्यांना राहण्याचा हक्क द्या. दुसरा म्हणाला, एकेकाला परत पाठवा. तिसरा म्हणाला, आधी नीट मोजणी तर होऊ द्या. चाचा रोज कापसाच्या बारीक तंतूंनी पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून विचारायचा, "आज आपलं काय म्हनायलेत ओ दिल्लीवाले?" त्याला वाटायचं, तिथली ती सगळी मोठी माणसं त्याच्याच घरावर बोलत आहेत. वाचायचा आवाज मी खणखणीत ठेवायचो.

आणि मला युक्ती सुचली. तिला युक्ती म्हणायला मला आजही लाज वाटते. हक्क मिळेल असं पेपरात रोज येत होतं. मग आपण गेलो होतो असं चाचानं मान्य करून माफीचा अर्ज आधीच देऊन ठेवला, तर कायदा होताच त्याचं काम होईल आणि माझ्या पटातल्या नोंदीलाही कुणी हात लावणार नाही. यातलं दुसरं मी त्याला सांगितलं नाही.

"पर म्या गेलोच न्हाई, तर गेलतो म्हनून कामून लिवायचं?"

"चाचा, कायदा गेलेल्यांसाठी व्हायलाय. न गेलेल्यांसाठी कायदाच न्हाई."

त्यानं भुवयांवरचा कापूस पुसला. मग म्हणाला, "तुमी शिकलेले हाव. लिवा."

मी लिहिलं. मराठीत एक प्रत आणि उर्दूत एक. 'अर्जदार घाबरून सहकुटुंब पाकिस्तानला गेला होता, पण तिथं मन न रमल्यानं परत आला.' 'मन न रमल्यानं' हे माझं खास. चाचानं अंगठा दिला आणि बोटाची शाई धोतराला पुसली.

वाद लांबला. मग पेपरात तो आतल्या पानावर गेला आणि पुढं यायचाच बंद झाला. कायदा झाला तो आम्ही वाट पाहत होतो तसा झाला नाही, त्यात चाचासारख्यांसाठी ओळ नव्हती. तालुक्याच्या कचेरीत मात्र अर्ज जागेवर होता. तिथल्या अंमलदारानं तो वाचून दाखवला आणि म्हणाला, "यात तर स्वतःची कबुली आहे. आता आणखी पुरावा कशाला?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात चाचाचा आणि अक्कल माझी. मी तिथंच उभा होतो. अजूनही बोलता आलं असतं. नोकरी तेव्हा कायम झालेली होती, तरी मी बोललो नाही.

पाकिस्तानला निघून जायचा हुकूम चाचाच्या एकट्याच्या नावावर निघाला, कारण अर्जावर अंगठा एकट्याचाच होता. बायको आणि मुलगी मागं राहणार होत्या. शिपाई त्याला कल्याणीच्या बसमध्ये बसवायला घेऊन आला, तेव्हा मी फाट्यापर्यंत गेलो. त्याच्याजवळ एक वळकटी होती. तो रागावलेला नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. त्याला फक्त एक अडचण पडली होती.

"मास्तर, तितं लोक इचारतील, मागल्या खेपेला आलतास तवा कुटं ऱ्हात होतास. काय सांगू?"

बस दिसायला लागली होती. मी म्हणालो, "सांगा, आता ध्यानात न्हाई."

त्यानं मान हलवली. माझं ऐकायची त्याला सवय झाली होती.